वाढवण बंदर, डहाणू आणि आपण सोलापूरकर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलवाल्यांचे एक्सपोर्टचे कागद करणं हे माझं काम, त्यामुळं कुठंही बंदर म्हटलं की लोक मलाच विचारतात. वाढवणचं भूमिपूजन झाल्यापासून तर कारखानदार, डाळिंबवाले, आयटीआयच्या पोरांचे बाप आणि प्लॉट घेऊ का विचारणारे, सगळेच मेसेज टाकतात. तेच तेच परत टाइप करायचा कंटाळा आला म्हणून इथं एकत्र लिहिलंय. आधी सोपे प्रश्न आहेत, किचकट मागं आहेत. तुमचा प्रश्न नंबर बघून थेट वाचला तरी चालतंय.

१. हे वाढवण नेमकं कुठं आलं? कोकणात रत्नागिरीकडं का?

नाही ओ, उलट्या बाजूला. मुंबईच्या उत्तरेला पालघर जिल्हा आहे, त्यातल्या डहाणू तालुक्यातलं हे समुद्राकाठचं गाव. पालघर म्हणजे १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झालेला आपल्या राज्याचा ३६वा जिल्हा, तिथनं गुजरातची हद्द जवळच. डहाणू हे तालुक्याचं शहर आणि वाढवण त्याच्या दक्षिणेला, चिंचणी-वरोरच्या शेजारी. अजून थोडं खाली आलं की तारापूर, जिथं १९६९ पासून अणुवीज केंद्र चालू आहे. म्हणजे मोठे प्रकल्प या किनाऱ्याला नवीन नाहीत.

२. तिथं आधी काय होतं? नुसता ओसाड किनारा होता असं ऐकलंय.

हा फॉरवर्ड मलाही आलाय आणि तो चुकीचाय. डहाणू-घोलवड-बोर्डी पट्ट्यात चिकूच्या वाड्या आहेत, इराणी-पारसी कुटुंबांनी लावलेल्या जुन्या बागा, आणि आपल्या सोलापूर डाळिंबाला जसा जीआय टॅग आहे तसाच डहाणू घोलवड चिकूलाही आहे, २०१६ पासून. किनाऱ्याला मच्छीमारांची गावं, आत डोंगराकडं वारली पाडे. भिंतीवरची पांढरी वारली चित्रं आता साड्यांवर आणि कपांवर सगळीकडं दिसतात, ती इकडचीच. चिंचणी-वरोरच्या बाजूला घराघरात दागिन्यांचे डाय, म्हणजे साचे बनवतात, आपल्याकडं घरोघरी विड्या वळतात तसं. एप्रिल २०१३ पासून मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंत जाते, त्यामुळं बरेच जण रोज मुंबईकडं नोकरीला जातात.

आणि एक गोष्ट सोलापुरात सांगायलाच पाहिजे. कुंभारीची विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत आपल्याला माहितीये. त्या गोदूताईंनी १९४५ ला वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा केला तो याच तलासरी-डहाणू-उंबरगाव पट्ट्यात. त्यामुळं "तिथले लोक विकासाला उगाच विरोध करतात" म्हणायच्या आधी त्या भागाला लढायची सवय कुठनं लागली ते ध्यानात ठेवा. विरोधाचं नीट उत्तर प्रश्न ८ मध्ये आहे.

३. बंदर नेमकं केवढं मोठं होणार आहे?

खर्च ७६,२२० कोटी रुपये, हा आकडा १९ जून २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजूर केलेला. त्यात ९ कंटेनर टर्मिनल, प्रत्येक १००० मीटर लांब. शिवाय ४ मल्टिपर्पज बर्थ (बर्थ म्हणजे जहाज लावायची जागा), ४ लिक्विड कार्गो बर्थ, गाड्या थेट जहाजात चढवायचा एक रो-रो बर्थ आणि कोस्ट गार्डचा वेगळा बर्थ. समुद्रात १,४४८ हेक्टर भर टाकायची, म्हणजे साडेतीन हजार एकरांच्या वर नवीन जमीनच तयार करायची, आणि लाटा अडवायला १०.१४ किलोमीटरचा ब्रेकवॉटर, म्हणजे समुद्रातला बांध. पूर्ण झाल्यावर वर्षाला २९.८ कोटी टन मालाची क्षमता, कंटेनरच्या भाषेत २ कोटी ३२ लाख टीईयू. टीईयू म्हणजे वीस फुटी एक डबा, चाळीस फुटी असला तर दोन धरायचे.

तुलना करायची तर उरणजवळच्या न्हावा शेवा बंदरानं २०२४-२५ मध्ये ७३ लाखांच्या आसपास टीईयू हाताळले, आणि ते आज देशातल्या सगळ्यात मोठ्या कंटेनर बंदरांत आहे. म्हणजे कागदावर वाढवण त्याच्या तिप्पट. पण क्षमता आणि प्रत्यक्ष येणारा माल यात फरक असतो हे ज्याच्या कारखान्यात चोवीस लूम आहेत आणि चौदा चालतात त्याला मी काय सांगू.

४. न्हावा शेवा असताना अजून एक बंदर कशाला? का ते बंद करणार आहेत?

बंद बिलकुल होणार नाही. न्हावा शेवा चालवणारं जेएनपीए (जवाहरलाल नेहरू पोर्ट अथॉरिटी) हेच वाढवणचं मोठं मालक आहे (प्रश्न ५ बघा), स्वतःचं चालतं दुकान कोण बंद करतंय.

खरं कारण पाण्याची खोली. जहाज भरल्यावर किती मीटर पाण्यात बुडतं त्याला ड्राफ्ट म्हणतात. आता जी चोवीस हजार टीईयूची महाकाय जहाजं चालतात त्यांना सोळा मीटरच्या वर ड्राफ्ट लागतो. न्हावा शेवा १९८९ ला सुरू झालं, खाडीतलं बंदर, तिथं गाळ काढून काढून चॅनल खोल ठेवावं लागतं आणि मोठ्या जहाजांना भरतीची वेळ गाठावी लागते. वाढवणला किनाऱ्याजवळच साधारण वीस मीटर नैसर्गिक खोली आहे, सगळं प्रकरण या एका गोष्टीभोवती फिरतंय. खोल बंदर नसलं की आपल्या देशाचा माल छोट्या जहाजानं कोलंबो, सिंगापूरला जातो आणि तिथं मोठ्या जहाजावर चढतो, याला ट्रान्सशिपमेंट म्हणतात, वेळ आणि पैसा दोन्ही जातो. केरळात विळिंजम याच कारणासाठी बांधलं, मे २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. म्हणजे देशाच्या हिशोबानं खोल बंदराची गरज खोटी नाही. ती वाढवणलाच भागवायची का, यावर भांडण आहे.

५. हे अदानीचं बंदर आहे ना?

नाही. कंपनीचं नाव वाढवण पोर्ट प्रोजेक्ट लिमिटेड, त्यात ७४ टक्के जेएनपीए म्हणजे केंद्र सरकार, आणि २६ टक्के महाराष्ट्र मेरिटाइम बोर्ड म्हणजे राज्य. गोंधळ कशामुळं होतो तर डहाणूचा ५०० मेगावॅटचा औष्णिक वीज प्रकल्प आधी बीएसईएसचा, मग रिलायन्सचा आणि २०१८ पासून अदानीचा आहे. लोक दोन्ही एकत्र करतात. मात्र टर्मिनल चालवायला पीपीपीनं, म्हणजे सरकारी-खाजगी भागीदारीनं, खाजगी कंपन्याच येणार, सरकार भराव, ब्रेकवॉटर अशी पायाभूत कामं करून घेणार. न्हावा शेवालाही तसंच आहे, बंदर सरकारी आणि टर्मिनल वेगवेगळ्या परदेशी-देशी कंपन्यांकडं. तुमचं टीएचसीचं (टर्मिनलवर डबा हाताळायचं) बिल त्यामुळंच टर्मिनलप्रमाणं बदलतं.

६. हे बंदर आधी एकदा नाकारलं होतं असं म्हणतात, मग परत कसं आलं?

नाकारलं होतं, खरंय. सांगायला लांब आहे पण यात सगळ्यांना इंटरेस्ट असतो म्हणून नीट लिहितो.

वीज प्रकल्प मंजूर झाल्यावर स्थानिक लोक आणि पर्यावरणवाले कोर्टात गेले. २० जून १९९१ ला केंद्रानं अख्खा डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला. प्रदूषणाप्रमाणं उद्योगांचे लाल, नारिंगी, हिरवे असे गट पाडले, लाल बंद, सगळ्या तालुक्यात उद्योगाला मिळून फक्त ५०० एकर, आणि भोवती २५ किलोमीटरचा बफर. नुसती अधिसूचना काढून काय होतंय, अंमलबजावणी होईना, म्हणून सुप्रीम कोर्टानं ३१ ऑक्टोबर १९९६ ला आदेश दिला आणि त्यातून डिसेंबर १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आलं. अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. पी अँड ओ ही ऑस्ट्रेलियन कंपनी त्याच वेळी वाढवणला बंदर करायला आली होती, १९९८ मध्ये या प्राधिकरणानं सांगितलं की नियमांत बसत नाही, आणि विषय बंद झाला. पुढची सतरा वर्षं कुणाला तो पुढं नेता आला नाही.

मग २०१५ मध्ये जेएनपीटी (जेएनपीएचं जुनं नाव) आणि मेरिटाइम बोर्डाचा करार झाला, फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रानं तत्त्वतः मंजुरी दिली, तेव्हा खर्च ६५,५४४ कोटी सांगितला होता. मधल्या काळात बंदर हा "उद्योग" धरायचाच नाही असं वर्गीकरण केंद्राच्या पातळीवर झालं आणि लाल-हिरव्याची मुख्य अडचणच बाजूला पडली. जानेवारी २०१९ मध्ये धर्माधिकारी वारले. ३१ जुलै २०२३ ला त्याच प्राधिकरणानं अटी घालून ना हरकत दिली, फेब्रुवारी २०२४ मध्ये पर्यावरण मंजुरी आली, एप्रिलमध्ये मुंबई हायकोर्टानं विरोधातली याचिका फेटाळली, जूनमध्ये मंत्रिमंडळ आणि ३० ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते पालघरमध्ये भूमिपूजन. विरोधक पुढं सुप्रीम कोर्टात गेले.

माझं मत विचाराल तर, समुद्र तोच, खडक तेच, मासे तेच, बदललं ते कागदावरचं वर्गीकरण. हे कायदेशीर असेल, पण गावकऱ्याला फसवल्यासारखं वाटलं तर त्यात नवल काय.

७. तो थर्मल प्रकल्प तिथं आहेच की, मग चिकूचं काय वाटोळं झालं? आपल्याकडं फताटेवाडीला एनटीपीसी आहेच.

चांगला प्रश्न आहे. डहाणूचा प्रकल्प दोन अडीचशे-अडीचशे मेगावॅटचे युनिट, आपला फताटेवाडीचा ६६०-६६० चे दोन, म्हणजे आपला मोठा. पण डहाणूत प्राधिकरण असल्यामुळं कंपनीला धुरातलं गंधक काढायचं एफजीडी यंत्र बसवायलाच लावलं, कंपनी टाळत होती तरी. देशात बाकीचे कोळशाचे प्रकल्प एफजीडीला कित्येक वर्षं मुदतवाढ घेत राहिले तेव्हा डहाणूत ते चालू होतं. बागायतदारांच्या फळ कमी झाल्याच्या आणि राखेच्या तक्रारी तरी थांबल्या नाहीत. पण मोठा प्रकल्प आल्यावर मान धरणारं कोणीतरी गावात बसलेलं असलं तर फरक पडतो, एवढं डहाणूनं दाखवून दिलं. आपल्याकडं असं काही नाही.

८. मच्छीमार एवढा विरोध का करतात? नुकसानभरपाई मिळणारच की त्यांना.

हा प्रश्न सोलापुरातनं सगळ्यात जास्त येतो आणि जरा तुच्छतेनं येतो.

वाढवणसमोरचा समुद्र नुसतं पाणी नाहीये. ओहोटीला उघडा पडणारा खडकाळ पट्टा आहे, त्या खडकांच्या कपारीत मासे अंडी घालतात, शेवंड मिळते, कालवं मिळतात. पापलेट, घोळ, दाढा, बोंबील या पट्ट्यातले नावाजलेले. भराव टाकला की तो पट्टा जातो आणि पिल्लं वाढायची जागा गेली की नुसत्या वाढवणच्या नाही, वर-खालच्या गावांच्या जाळ्यालाही ते लागतं. दहा किलोमीटरचा ब्रेकवॉटर प्रवाह फिरवणार, तो कुठं किनारा खाईल आणि कुठं गाळ टाकेल ही भीती वेगळी. वर जहाजांच्या येण्याजाण्याच्या मार्गात मासेमारी बंद.

आता भरपाईचं. सरकारी भरपाई कागद बघून मिळते. ज्याच्या नावावर बोटीचं रजिस्ट्रेशन आणि लायसन आहे त्याचं नाव यादीत येतं. पण त्या बोटीवर खलाशी म्हणून जाणारा, ओहोटीला पायी जाऊन कालवं-खेकडे काढणारी बाई, मासे सुकवणारी, टोपली घेऊन बाजारात बसणारी, यांच्याकडं कुठला कागद असतोय? उजनीच्या धरणात ज्यांची गावं गेली त्यांच्या घरात जाऊन विचारा, जमीन ज्याच्या नावावर त्याला काहीतरी मिळालं, त्याच जमिनीवर राबणारा सालगडी कुठं गेला ते कोणी लिहून ठेवलं नाही. आपण उजनीचं पाणी पितो, त्यामुळं आपण तरी "पैसे मिळणारच की" असं पटकन म्हणू नये.

सगळेच विरोधात आहेत असंही नाही हां. डहाणू-बोईसर भागात व्यापारी आहेत, ट्रान्सपोर्टवाले आहेत, शिकलेली पोरं आहेत ज्यांना काम पाहिजे. पण किनाऱ्याच्या गावांनी मतदानावर बहिष्कारापर्यंत गोष्ट नेलेली आहे, ती चार लोकांची हौस नसते.

९. सोलापूरच्या टॉवेल-चादरीला याचा फायदा काय? भाडं कमी होईल का?

लगेच नाही, आणि आपोआप तर नाहीच.

आपला माल आज ट्रेलरनं न्हावा शेवाला जातो, साधारण चारशे किलोमीटर. वाढवण त्याच्याही पुढं, मुंबई ओलांडून शे-दीडशे किलोमीटर जास्त. म्हणजे जमिनीवरचं भाडं वाढणार, कमी नाही होणार. मोठ्या जहाजामुळं समुद्रावरचं भाडं दर डब्याला कमी पडतं हे खरं, पण ती बचत आधी शिपिंग लाइनच्या खिशात जाते. वर्षाला हजारो डबे पाठवणारा भाव करून घेतो, महिन्याला एक-दोन पाठवणाऱ्याला कोण विचारतंय.

अजून एक गोष्ट जी बातम्यांत येत नाही, रिकामा डबा. फॅक्टरी स्टफिंग, म्हणजे कारखान्यातच डबा भरायचा, तर आधी रिकामा कंटेनर इथं आणावा लागतो आणि तो येतो न्हावा शेवाच्या यार्डातनं. आपल्यातले छोटे युनिटवाले तर अख्खा डबा भरतच नाहीत, एलसीएलनं पाठवतात, म्हणजे चार जणांचा माल एका डब्यात. हे जुळवणारे लोक आणि त्यांचे सीएफएस, म्हणजे डबे भरायची-रिकामे करायची गोदामं, सगळे उरण-पनवेलच्या बाजूला आहेत. वाढवणभोवती तसे सीएफएस, रिकाम्या डब्यांची यार्डं, कस्टम्सचे लोक, सर्वेअर असं सगळं जमत नाही तोवर एलसीएलवाल्यानं वाढवणचं नावसुद्धा काढायची गरज नाही. बंदर बांधणं सोपं म्हणायचं एवढं हे जमवणं अवघड असतं.

मग फायदा कुठं? न्हावा शेवावरची गर्दी कमी झाली तर. गेटवर ट्रेलर अडकणं, कट-ऑफ (डबा आत द्यायची शेवटची वेळ) चुकणं, डबा पुढच्या जहाजावर ढकलला जाणं, याचा खर्च आपल्या लोकांना भाड्यापेक्षा जास्त लागतो. मोठी जहाजं वाढवणला गेली आणि न्हावा शेवा मोकळं झालं तर सोलापूरला वाढवणचा फायदा न्हावा शेवालाच मिळेल. विचित्र वाटतंय पण माझा अंदाज हाच आहे.

१०. डाळिंबाचं बोला. सांगोला-पंढरपूरचा माल थेट वाढवणवरून जाईल का?

डाळिंबाला समुद्र जमतो हे आता सिद्ध झालंय. आपल्या केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या मदतीनं भगवा जातीचं डाळिंब ६० दिवसांपर्यंत टिकवायचं तंत्र बसवलं आणि २०२५ च्या सुरुवातीला भगव्याची पहिली व्यापारी चाचणी खेप जहाजानं न्यूयॉर्कला गेली, पाच आठवड्यांत पोचली. विमानापेक्षा खर्च कितीतरी कमी. पण अमेरिकेच्या मालाला आधी विकिरण करावं लागतं, म्हणजे कीड जायला किरणांखालनं काढावं लागतं, आणि ती सोय पणन मंडळाची वाशीला आहे. म्हणजे बंदर कुठलंही असो, माल आधी नवी मुंबईलाच जाणार आणि तिथनं न्हावा शेवा हाकेच्या अंतरावर. युरोप-आखातासाठी विकिरण लागत नाही, तिथं फक्त रीफर, म्हणजे थंड ठेवणारा डबा आणि त्याला प्लग पॉइंट. वाढवणला किती रीफर पॉइंट आणि जवळ किती कोल्ड स्टोरेज उभं राहतंय यावर सगळं. डाळिंबवाल्यांनी मागणी करायची तर ती पॅकहाऊस आणि प्रीकूलिंग सांगोल्यात वाढवा अशी करावी, बंदर तुमच्या दारात येणार नाही.

सांगोल्याहून १००वी किसान रेल गेली होती डिसेंबर २०२० मध्ये, त्याचा दाखला बरेच जण देतात. ती पश्चिम बंगालात शालिमारला गेली, देशातल्या बाजारासाठी. एक्सपोर्टशी तिचा संबंध नाही.

११. सूरत-चेन्नई हायवे झाला की सोलापूर वाढवणला जोडणार असं म्हणतात, खरं का?

बऱ्यापैकी खरं, आणि सोलापूरच्या दृष्टीनं मला बंदरापेक्षा ही बातमी मोठी वाटते. नाशिक-अहिल्यानगर-सोलापूर-अक्कलकोट हा ३७४ किलोमीटरचा सहा पदरी रस्ता डिसेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजूर केला, १९,१४२ कोटी रुपयांचा. तो सूरत-चेन्नई कॉरिडॉरचाच तुकडा. तिकडं वाढवणपासून दिल्ली-मुंबई एक्सप्रेसवेपर्यंत साधारण ३२ किलोमीटरचा नवीन हायवे करायचा आहे. हे दोन्ही झाले आणि नाशिक ते एक्सप्रेसवे हा मधला टप्पा नीट जुळला तर पुणे-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये न घुसता ट्रेलर वर जाऊ शकतो, आणि मग प्रश्न ९ मधलं अंतराचं गणित थोडं बदलतं. टोल मात्र धरा.

१२. आणि रेल्वे? डीएफसी सोलापूरवरून जाते ना?

नाही जात. वेस्टर्न डीएफसी, म्हणजे फक्त मालगाड्यांसाठीची लाइन, दिल्लीजवळच्या दादरीपासून न्हावा शेवापर्यंत, १,५०६ किलोमीटर, वाढवणला त्यावरून साधारण १२ किलोमीटरचा फाटा. ती उत्तर भारतासाठी आहे, राजस्थान-हरियाणाचा माल. मला वाटतं वाढवणचं खरं गिऱ्हाईक तिकडंच आहे. आपली लाइन डबल आणि इलेक्ट्रिक झालीये, रेल्वेनं डबा दौंड-कल्याण-वसईमार्गे जाऊ शकतो, पण गाडी भरण्याएवढा माल एकदम कोण देणार? चिंचोळी आणि अक्कलकोट रोड, दोन्ही एमआयडीसी एकत्र आल्या तर विचार होईल.

१३. १२ लाख नोकऱ्या म्हणतात. पोराला आयटीआय करतोय, काय शिकवू?

१२ लाख हा सरकारनं सांगितलेला थेट आणि अप्रत्यक्ष मिळून आकडा आहे. अप्रत्यक्षमध्ये ढाबेवाला, ट्रेलरचा क्लीनर, पंक्चरवाला सगळे आले. प्रत्यक्ष टर्मिनलवर माणसं कमी लागतात, नवीन बंदरांत क्रेन सुद्धा केबिनमध्ये बसून स्क्रीनवर चालवतात. आणि पहिला हक्क स्थानिकांचा, तो असायलाच पाहिजे, समुद्र त्यांचा जातोय.

तरी शिकवायचंच असलं तर डिझेल मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, रीफर म्हणजे एसी-रेफ्रिजरेशन, हेवी लायसन. कॉमर्सच्या पोराला कस्टम्स ब्रोकरकडं चिकटवा, आधी एच कार्ड, मग परीक्षा देऊन जी कार्ड, ही ब्रोकरच्या माणसांची कस्टम्सची ओळखपत्रं. हे काम कुठल्याही बंदरावर चालतं, वाढवण होवो न होवो. आणि "वाढवण पोर्टमध्ये लावतो, पन्नास हजार डिपॉझिट" असा कोणी भेटला तर चहा पाजून रवाना करा. बंदरच अजून पाण्यात आहे.

१४. कधी चालू होणार?

पहिला टप्पा २०३० च्या आसपास, सगळं पूर्ण २०४० पर्यंत, असं सरकारी उद्दिष्ट आहे. उद्दिष्ट म्हणजे काय हे बोरामणीच्या विमानतळाची वाट बघितलेल्या सोलापूरकराला मी समजावून सांगू का.

१५. तिथं विमानतळ आणि बुलेट ट्रेन पण येणार आहे ना?

बुलेट ट्रेनचं काम चालू आहे, पालघर जिल्ह्यात विरार आणि बोईसर ही स्टेशनं. वाढवणजवळ विमानतळ करणार असं राज्य सरकारनं जाहीर केलंय. जाहीर होणं आणि होणं यातला फरक वरच्याच उत्तरात आलाय.

१६. पापलेट महाग होईल का?

सोलापुरात आपण बहुतेक उजनीची चिलापी खातो, त्यामुळं आपल्या ताटात फार फरक पडणार नाही. मुंबईकरांना विचारा.

१७. डहाणूला एकदा बघून यायचंय, कसं जायचं?

जरूर जा, आणि बंदर व्हायच्या आधी जा. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं सकाळी दादर, तिथनं वेस्टर्नला येऊन डहाणू लोकल. सगळ्या लोकल तिथपर्यंत जात नाहीत, बऱ्याच विरारला संपतात, टाइमटेबल बघून निघा. बोर्डीचा किनारा, चिकूच्या वाड्या, आणि चैत्रात गेलात तर विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा. वाढवण गावात गेलात तर आधी "आम्ही पोर्टवाले नाही" हे सांगा, मग लोक मोकळेपणानं बोलतील. ओहोटीच्या वेळी खडकांवर जाऊन बघा, प्रश्न ८ मधलं निम्मं तिथंच कळतंय.

१८. वाढवणजवळ गुंठ्यात प्लॉट मिळतोय, आत्ता घेतला तर पाच वर्षांत दहापट. घेऊ का?

थांबा. डहाणू तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) लागू आहे, आणि बरीच जमीन आदिवासींच्या नावावर. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६अ नुसार आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला कलेक्टरच्या परवानगीशिवाय आणि राज्य सरकारच्या आधीच्या मंजुरीशिवाय विकताच येत नाही. १९७४ पासूनची ही भानगड आहे. नुसत्या नोटरीवर किंवा साठेखतावर कोणी देत असेल तर तो कागद घेऊन बसाल आणि जमीन मूळ मालकाला परत जाईल, आणि जायलाच पाहिजे. त्यावर शेतजमीन घ्यायला तुम्ही स्वतः शेतकरी असावं लागतं ते वेगळंच. शिवाय १९९१ ची अधिसूचना अजून आहे, बंदराला मंजुरी मिळाली म्हणून तालुक्यात कुठंही गोडाऊन टाकता येईल असं नाही.

१९. पण मी शेतकरी आहे आणि जमीन बिगरआदिवासीची आहे, एनए (बिगरशेती) झालेली आहे असं एजंट म्हणतोय. मग तर चालेल ना?

मग चालू शकतं, पण एजंटच्या तोंडावर नाही. सातबारा काढा, इतर हक्काचा रकाना वाचा, भोगवटादार वर्ग १ आहे का वर्ग २ (विकायला परवानगी लागणारी) ते बघा, आणि मागचे फेरफार तलाठ्याकडनं १९७४ पर्यंत काढून घ्या, कारण मध्येच कुठंतरी आदिवासीचं नाव निघालं आणि त्या व्यवहाराला परवानगी नव्हती तर आजचा मालक कोणी का असेना, अडकलात. एनएची ऑर्डर मूळ बघा, झेरॉक्स नको. रोड आणि रेल्वेच्या भूसंपादनात तो गट नंबर येतोय का ते डहाणूच्या प्रांत कार्यालयात विचारा. सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यालगत बांधकामावर बंधनं असलेल्या पट्ट्याचा, नकाशा बघा. आणि हे सगळं सोलापुरातल्या नाही, डहाणू-पालघरला प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलाकडनं करून घ्या, त्याची फी प्लॉटच्या टोकनपेक्षा स्वस्त पडते. एजंट "एवढं कशाला बघता मालक, दोन दिवसांत रेट वाढतोय" म्हणाला तर त्याला रेट वाढवू द्या.